भात सोडला, पण गोळ्या तशाच राहिल्या

मुलुंडहून एका वाचक भगिनींचे पत्र

माझे वय ४६ असून मी फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करते. दीड महिन्यापूर्वी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी भात, पोळी, बटाटा आणि साखर बंद केली. पहिल्या पंधरवड्यात वजन ७४ किलोवरून ७०.५ वर आले, त्यानंतर मात्र काटा हललेला नाही. सकाळी चहात एक मोठा चमचा तूप घालते. दुपारच्या डब्यात भाजी आणि कोशिंबीर असते. रात्री दोन वाट्या घट्ट वरण घेते, कारण डाळ म्हणजे प्रथिने. गुरुवारी उपवास असतो. त्या दिवशी धान्य नसतेच, फक्त साबुदाण्याची खिचडी. गोडाला साखरेऐवजी गूळ वापरते. गुरुवार आणि श्रावण सोडला तर घरात अंडी-मासे चालतात.

माझ्या यजमानांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. ते ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतात. त्यांनीही माझ्याबरोबर हाच आहार सुरू केला. गेल्या काही दिवसांत दोनदा, संध्याकाळी लोकलमध्ये, त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. मैत्रीण म्हणते, शरीराला सवय होईपर्यंत असे होते. ७८ वर्षांच्या सासूबाई म्हणतात, भाताशिवाय अंगात त्राण राहत नाही आणि मेंदूला साखर लागतेच. जाऊबाई म्हणतात, याने किडन्या जातात, रक्तात विष तयार होते. तेरा वर्षांची मुलगीही हल्ली पोळीला हात लावत नाही. आमचे नेमके काय चुकते आहे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे सगळेच प्रश्न विचारण्याजोगे आहेत. परंतु यजमानांना लोकलमध्ये फुटलेल्या घामाबद्दल आधी लिहिणे भाग आहे, कारण बाकीची उत्तरे चार दिवस उशिरा मिळाली तरी चालतील, हे चालणार नाही. ती शरीराला लागणारी सवय नव्हती. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, एकाएकी लागलेली भूक, डोळ्यांपुढे अंधारी ही सगळी रक्तातली साखर प्रमाणाबाहेर उतरल्याची लक्षणे आहेत, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसात ती दिसली की दुसरी कोणतीही शक्यता विचारात घेण्याआधी हीच तपासायची असते.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्या दिवशी ताटात भात होता की नुसती काकडी, हे तिला कळत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तिची मात्रा ठरवली तेव्हा यजमानांचे जेवण पोळी-भाजी आणि वरण-भाताचे होते, आणि त्या जेवणातून रक्तात येणारी साखर हाताळण्याइतके इन्सुलिन बाहेर पडावे, असा तो हिशेब होता. आता डब्यातून पोळी गेली, पण गोळीची मात्रा जुन्याच डब्यासाठीची राहिली. दुपारी एक-दीडला भाजी आणि कोशिंबीर खाऊन मधे काहीच पोटात न जाता सहा-साडेसहाला गर्दीत उभ्याने प्रवास करायचा म्हटल्यावर साखर उतरण्याची सगळी तयारी होते. ग्लिक्लाझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड या गोळ्याही त्याच गटातल्या आहेत, आणि इन्सुलिनच्या इंजेक्शनबाबत तर हा धोका अधिकच आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा एवढी खाली जात नाही.

या विषयातला माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज इथेच आहे. हे काही औषध नाही, साधे खाणेपिणे आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारायचे कारण काय, असे लोकांना मनापासून वाटते. वास्तविक कर्बोदके, म्हणजे भात, पोळी, बटाटा यांतले पिष्ट आणि साखर, कमी केल्याने रक्तातली साखर खरोखरच कमी होते, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते, आणि म्हणूनच औषधांची मात्रा बदलल्याशिवाय मधुमेही माणसाने हा आहार सुरू करायचा नसतो. आज, हे वाचून झाल्यावर, तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन्ही वेळा काय झाले ते, जेवणाच्या वेळांसकट, सांगा. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका, कारण मग साखर दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. मात्रा बदलून मिळेपर्यंत यजमानांचे जेवण पूर्वीसारखे, पोळ्यांसह, राहू द्या.

तोवर त्यांच्या बॅगेत ग्लुकोजच्या पावडरीची छोटी पुडी आणि शक्य असेल तर साखर मोजण्याचे यंत्र असू द्या. पुन्हा तसे झाले आणि यंत्रावर ७० पेक्षा कमी आकडा दिसला, किंवा यंत्र जवळ नसतानाही लक्षणे तशीच वाटली, तर तीन लहान चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि फरक नसेल तर तेच पुन्हा करायचे. बरे वाटल्यावर पोळी, पाव किंवा बिस्किट असे काहीतरी खायचे. त्या वेळी चॉकलेट किंवा पेढा उपयोगाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. पथ्य मोडेल हा विचार त्या घटकेला मनात आणायचाच नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ वर फोन करावा.

औषधांबाबत आणखी दोन गोष्टी, ज्या तुमच्या पत्रात नाहीत पण हा मजकूर वाचणाऱ्या इतरांच्या घरी असू शकतात. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि त्या घेत असताना कर्बोदके एकदम फार कमी केली तर रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर विकार होऊ शकतो, तोही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. उलट्या, पोटात दुखणे आणि धाप लागणे ही त्याची लक्षणे असतात आणि ती अपचन समजून अंगावर काढली जातात. दुसरे, या आहारात पहिल्या काही आठवड्यांत मूत्रपिंडे मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना घेरी येऊ शकते. पहिल्या आठवड्यात डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे, पायांत गोळे येणे हा त्रास निरोगी माणसालाही होतो आणि तो बहुतांशी मीठ-पाणी कमी पडल्याचाच असतो. तुमची मैत्रीण सवयीबद्दल म्हणते ते याला लागू पडते, थरथरीला नाही.

आता तुमच्या काट्याकडे वळते. आपले यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात, आणि या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके बंद झाली की शरीर आधी हा साठा वापरते आणि ते पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात उतरणाऱ्या वजनातला दीड-दोन किलोचा भाग असा असतो. तेव्हा तुमच्या साडेतीन किलोंतला मोठा वाटा चरबीचा नव्हता, आणि त्यानंतर काटा अडकला म्हणून आहार फसला असेही नाही. सुरुवातीचा वेगच मुळात फसवा होता. लग्नाच्या एका पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी वजन दीड किलो वाढलेले दिसते, तेही याच पाण्याचे असते, आणि त्यावरून अर्धपोटी राहण्याची काहीच गरज नसते. काट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे सांगतो. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते. महिन्यातून एकदा टेप लावा, तोही दर वेळी पोटावर एकाच जागी.

परंतु वजन खरोखरच उतरत नसेल तर त्याचे एक कारण तुमच्या सकाळच्या कपात आहे. कर्बोदके बंद केली की तूप, लोणी, काजू, चीज कितीही खाल्ले तरी चालते, या समजुतीने माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या अनेकांचा घात केलेला मी पाहिला आहे. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ कॅलरी मिळतात, कर्बोदकांतून आणि प्रथिनांतून चार. चहातल्या एका मोठ्या चमचाभर तुपातून सव्वाशेच्या आसपास कॅलरी येतात, म्हणजे एका कोरड्या पोळीहून अधिक, आणि त्यातून ना प्रथिने मिळतात ना चोथा. तूप वाईट आहे असे मी म्हणत नाही. भाजीच्या फोडणीला किंवा पोळीवर ते योग्यच आहे. शरीराने आपली चरबी जाळावी अशी अपेक्षा असताना सकाळी उठल्याबरोबर त्याला बाहेरून चरबी पुरवणे मात्र निरर्थक आहे.

तुमच्या स्वतःच्या आहाराबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटायला लावणारी ओळ आहे ती रात्रीच्या दोन वाट्या वरणाची. डाळ म्हणजे प्रथिने, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आणि ते खोटेही नाही, पण ते अर्धेच आहे. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम असतात आणि कर्बोदके ५५ ग्रॅमच्या वर. एका वाटी घट्ट वरणाला पंचवीस-तीस ग्रॅम डाळ लागते असे धरले, तर दोन वाट्यांतून तुम्हाला साधारण १२ ग्रॅम प्रथिने आणि तीसएक ग्रॅम कर्बोदके मिळतात, म्हणजे जवळजवळ एका वाटी भाताइतकी. डाळीतला चोथा आणि तिचे सावकाश पचणे यामुळे ती भातापेक्षा साखर हळू वाढवते, हे तिच्या बाजूचे आहे, आणि म्हणून तिला ताटातून घालवू नका. पण तिच्या एकटीच्या भरवशावर प्रथिनांची गरज भागवणे शक्य नाही. शिवाय डाळीच्या प्रथिनांत मेथिओनिन हा घटक कमी असतो, तो धान्यांत असतो. धान्यांत लायसिन कमी असते, ते डाळीत असते. वरण-भाताची जोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली त्यात ही भरपाई आपोआप होत होती. तुम्ही भात काढलात आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही, त्यामुळे वरणही थोडे लंगडे झाले.

तुमच्या दिवसाची बेरीज करून पाहिली. चहातले दूध, डब्यातली भाजी, कोशिंबिरीतले दाण्याचे कूट आणि रात्रीचे वरण मिळून प्रथिने पंचवीस ग्रॅमच्या पलीकडे जात नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजेच आयसीएमआरने, २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. तुमच्या वजनाला ती सुमारे ५८ ग्रॅम येते. कमी पडणारी प्रथिने शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढते. वजन उतरते खरे, पण चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि पुन्हा जुने खाणे सुरू झाले की परत येते ती मुख्यतः चरबी.

आपल्या लोकांना हा तोटा अधिक महाग पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच आकाराच्या शर्टात मावणाऱ्या दोन माणसांत आतून एवढा फरक असू शकतो. रक्तातली साखर सर्वाधिक उचलतात ते आपले स्नायू, आणि ज्यांच्याकडे ते मुळातच कमी आहेत त्यांनी ते गमावून वजन उतरवण्यात शहाणपण नाही. म्हणून काय सोडले याची यादी करण्याआधी त्या जागी काय आणले याची यादी करा, असे मी प्रत्येकाला सांगते.

तुमच्या घरात अंडी-मासे चालतात, ही मोठी सोय आहे. सकाळी तुपाच्या चहाऐवजी दोन अंड्यांचे ऑम्लेट किंवा भुर्जी घेतली की बारा-तेरा ग्रॅम प्रथिने तिथेच होतात. डब्यात भाजीच्या जोडीला मटकीची, मुगाची किंवा चवळीची घट्ट उसळ मोठी वाटीभर असावी, त्यात आठ-नऊ ग्रॅम मिळतात, आणि तिच्यासोबत एक पोळी खुशाल ठेवा. रात्री शंभर ग्रॅम बांगडा किंवा कोळंबी घेतली तर वीसच्या जवळपास प्रथिने मिळतात; मासा महाग सुरमईच हवा असे नाही, मुलुंडच्या बाजारातली मांदेली आणि बांगडे उत्तम. गुरुवारी आणि श्रावणात पनीर, दही आणि उसळी. मासे रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून भरपूर तेलात तळले तर मात्र सोडलेले पीठ मागच्या दाराने परत आले असे समजा. तिखट-मीठ-कोकम लावून तव्यावर थोड्या तेलात भाजलेला बांगडा चवीला कुठेही कमी नसतो. सोलकढी बिनसाखरेची असेल तर तीही चालते, फक्त नारळाचे दूध मापात असावे.

गुरुवारच्या खिचडीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. साबुदाणा हे टॅपिओकाच्या कंदाचे जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात, प्रथिने नगण्य आणि चोथाही नाममात्र. भरपेट एका खिचडीला पाऊण वाटी साबुदाणा आणि वर बटाटा धरला, तर दोन वाट्या भाताहून अधिक कर्बोदके एका बैठकीत होतात. उपवासाला धान्य चालत नाही हा धर्माचा नियम झाला, त्याचा कर्बोदकांशी संबंध नाही. वरीचे तांदूळ आणि रताळे यांचेही तेच. उपवास मोडा असे मी मुळीच म्हणणार नाही. ती तुमची श्रद्धा आहे आणि तिच्यात जागाही आहे. दाण्याची आमटी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी, ताक, थोडा राजगिरा आणि चालत असेल तर पनीर एवढ्यावर गुरुवार चांगला निघतो. यजमानही उपवास करत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना हा दिवस वेगळा सांगा, कारण त्या दिवशी गोळीचे गणित पुन्हा बदलते.

गुळाचे थोडक्यात सांगते. गुळात बहुतांश साखरच असते, आणि लोहाचा जो अंश मिळतो तो चहातल्या एका खड्यापुरता इतका अल्प असतो की त्यासाठी साखर खाण्याचे प्रयोजन नाही. मधाचेही तसेच. भाकरीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी तुम्हाला ज्वारीची भाकरी चालते असे सांगणार, म्हणून आताच लिहिते. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कर्बोदकांत फार अंतर नाही. ज्वारीत चोथा चांगला असतो, नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, ती जरूर खावीत. पण एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागते आणि पोळीला पंचवीस-तीस, म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची धरायची. भाताची पेज काढून टाकली की साखर निघून जाते, हेही खरे नाही. थोडे पिष्ट पाण्यात जाते, बाकीचे शितातच राहते. फळांना घाबरू नका, एक पेरू किंवा पपईच्या चार फोडी बिनदिक्कत खा. स्टेशनबाहेरचा ज्यूस टाळा, कारण त्यात तीन-चार फळांची साखर चोथ्याविना येते. आंब्याच्या दिवसांत चार फोडी वेगळ्या आणि पुऱ्यांबरोबरची आमरसाची वाटी वेगळी.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. पण ते सगळे ताटातूनच यावे लागते असे नाही. यकृत प्रथिनांपासून आणि चरबीच्या एका भागापासून ग्लुकोज तयार करते, आणि कर्बोदके फारच कमी झाली तर मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर बराचसा भागवून घेतो. अपस्माराच्या काही रुग्णांवर, विशेषतः लहान मुलांवर, १९२१ पासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली असा आहार उपचार म्हणून वापरला जात आहे. जाऊबाई ज्याला विष म्हणतात ते हेच कीटोन. निरोगी माणसात ते मर्यादेत राहतात, कारण शरीरातले इन्सुलिन त्यांना आवर घालते. इन्सुलिनच नसेल किंवा फार कमी असेल, जसे टाइप १ मधुमेहात होते, तेव्हा ते कित्येक पटींनी साचून रक्त आम्लधर्मी होते आणि तो जिवावरचा विकार आहे. या दोन अवस्था एक नाहीत, पण मी वर सांगितलेल्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि टाइप १ च्या रुग्णांना एकीतून दुसरीत जाण्याचा धोका असतो, हेही विसरू नये.

मूत्रपिंडांचे म्हणाल, तर कमी कर्बोदके म्हणजे अफाट प्रथिने असे समीकरण नाही. निरोगी मूत्रपिंडांना ५८-७० ग्रॅम प्रथिनांनी अपाय होत नाही. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी झाली आहेत त्यांना मात्र प्रथिने मोजून घ्यावी लागतात, आणि आठ वर्षांच्या मधुमेहानंतर तुमच्या यजमानांची तशी अवस्था नाही हे गृहीत धरता येत नाही. रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन या दोन साध्या तपासण्या करून घ्या, आणि त्यांच्यासाठी अंडी-मासे वाढवण्याआधी करून घ्या.

किती कमी करायचे, हा खरा प्रश्न राहतो. साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदके असतील तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, आणि ५० ग्रॅमच्या खाली गेले की कीटो. तुम्हाला एवढे खाली जाण्याची गरज मला दिसत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी स्निग्धांश खाणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे ६ किलोंनी उतरले, आणि हा फरक लक्षणीय मानण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खायला आणि साखर व मैदा टाळायला सांगितले होते, आणि मला तरी त्या अभ्यासात सर्वांत बोलकी गोष्ट तीच वाटते. मधुमेहाबाबत हा आहार अधिक उपयोगी दिसतो: २०२१ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, त्यात सहा महिन्यांनी कमी कर्बोदकांच्या गटात मधुमेह ओसरलेल्यांचे प्रमाण जास्त होते, पण वर्ष होईपर्यंत तो फायदा बराचसा विरला.

आपल्याकडचा पुरावा माझ्या मते याहून उपयोगाचा आहे. आयसीएमआर-इंडिआब या देशव्यापी पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या आहारावरून संशोधकांनी २०२२ मध्ये असा अंदाज मांडला की, नुकताच निदान झालेला मधुमेह ओसरण्यासाठी एकूण कॅलरींपैकी ४९ ते ५४ टक्के कर्बोदकांतून आणि १९ ते २० टक्के प्रथिनांतून आल्या पाहिजेत. आज भारतीय माणसाच्या ताटात कर्बोदकांचा वाटा सरासरी ६२ टक्के आहे. म्हणजे सुधारणा हवी आहे ती दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तीही प्रथिने वाढवून. तीन पोळ्यांची एक-दीड करणे, भात रोजच्या ढिगाऐवजी अर्धी वाटी घेणे, संध्याकाळच्या वडापावाच्या जागी मूठभर फुटाणे किंवा दाणे घेणे, एवढ्याने ते अंतर कापले जाते, आणि हे वर्षानुवर्षे निभावता येते. दोन महिने कडक राहून तिसऱ्या महिन्यात सगळे सोडून देणाऱ्यांपेक्षा असे चालणाऱ्यांची साखर मला अधिक काळ ताब्यात राहिलेली दिसते.

सासूबाईंचा भात काढू नका. ७८ व्या वर्षी भूक आधीच कमी असते, आणि वजन उतरले तर स्नायूच जातात आणि तोल जाण्याची भीती वाढते. त्यांना दुपारी मऊ वरण-भात, वर तूप, दही आणि जमल्यास एक अंडे असे भरून द्या. मुलीबाबत मात्र थोडे थांबून लक्ष द्या. तेराव्या वर्षी उंची वाढत असते, पाळी सुरू होत असते किंवा नुकतीच झालेली असते, आणि या वयात धान्य सोडणे तिच्या वाढीला मारक आहे. तिच्यासमोर स्वतःच्या वजनाबद्दल, अमुक खाल्ले म्हणून झालेल्या चुकीबद्दल बोलणे कमी करा; तिने पोळी का सोडली हे तिला एकटीला, शांतपणे विचारा. तिने जेवण लपवायला किंवा टाळायला सुरुवात केली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला संकोच करू नका. घरात चार जणांसाठी चार स्वयंपाक करण्याची जरुरी नाही. भाजी, उसळ, मासे, कोशिंबीर सगळ्यांना तीच. भात आणि पोळी ज्याच्या-त्याच्या मापाने वाढा.

गोळ्यांची मात्रा बदलून झाली की यजमानांनी पहिले दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहावी, आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे ती तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही. त्याच वेळी तुम्ही दोघांनीही लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या, कारण कर्बोदके कमी केल्यावर ट्रायग्लिसराइड बहुतेकांचे उतरतात, पण काहींचे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, विशेषतः तूप, लोणी आणि नारळ यांचा वापर सढळ असेल तर. तसे निघाले तर आहार सोडू नका. आधी तूप निम्मे करा, स्वयंपाकाला शेंगदाण्याचे किंवा मोहरीचे तेल मापून वापरा, भाज्या आणि उसळी वाढवा, आणि दोन-तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा तपासा. तरीही एलडीएल चढेच राहिले तर ते अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा. मधुमेह असलेल्या माणसाला त्यासाठी वेगळी गोळी लागू शकते, आणि ती लागली तर घ्यावी.